तेहतिसाव्या पानावरचा ठिपका

पाटी रंगवून, टांगून झाल्यावर मार्तंड सबनीस चार पावलं मागे सरकले आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिले. अक्षर झकास आलं होतं. रागात असले की त्यांचं अक्षर नेहमीच चांगलं येई. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘मोफत वाचनालयाच्या सभासदांना येथे पुस्तके दिली जाणार नाहीत. — व्यवस्थापक.’

व्यवस्थापक म्हणजे सबनीस स्वतःच. मालक, ग्रंथपाल, बाइंडर आणि सकाळी केर काढणारा गडीसुद्धा तेच. मुलुंड पूर्वेला नवघर रस्त्यावर, एका इमारतीच्या तळमजल्याला, दहा बाय बाराच्या गाळ्यात ‘सबनीस वाचनालय’ एकवीस वर्षं चालू होतं. बाहेर एक बाकडं होतं आणि बाकड्यावर दत्ताराम गवाणकर होते. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी इथं येऊन फुकट पेपर वाचत आणि त्याची परतफेड म्हणून सबनिसांना सल्ला देत.

गवाणकरांनी पाटी मोठ्यानं वाचली. मग चष्मा काढून पुसला.

“सबनीसानू, ह्या कोणासाठी लिवलात?”

“सगळ्यांसाठी.”

“सगळे आसत खंय? सात जण तर रवले तुमचे. त्यांतलो एक मी, आणि माका पुस्तक नकोच आसा. माका पेपर होयो.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, गवाणकर.”

“तत्त्वाचा काय ता तुमका म्हायत. पाटी मात्र वाकडी लागली हा.”

ती पाटी खरं म्हणजे कोणासाठी होती, हे सबनिसांनी गवाणकरांना सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. त्या साली, म्हणजे पंच्याऐंशीच्या चैत्रात, रस्त्यापलीकडच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सरकारी अनुदानातून एक मोफत वाचनालय उघडलं. सहा ट्यूबलाइट, चार पंखे, चाळीस खुर्च्या, कोरी करकरीत तीन हजार पुस्तकं, एक ग्रंथपाल आणि एक शिपाई. सबनिसांकडे एक पंखा होता आणि तोही मुंडी हलवायचा बंद झाला होता. सबनिसांची वर्गणी महिना चार रुपये होती, समोर ती शून्य होती. सकाळी दहाच्या सुमारास मंडईत भाजी घ्यायला गेलेली माणसं साडेदहाला पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी कादंबरी खोचून खाली उतरू लागली.

सबनिसांचे वाचक एकेक करून गेले. आठल्ये मास्तर म्हणाले, “डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलंय,” आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या जिन्यावर काखेत दोन जाडजूड पुस्तकं घेऊन दिसले. सबनीस दिसताच त्यांनी जिन्यातच डोळे चोळले. कोणी म्हणालं, वेळ होत नाही. कोणी म्हणालं, आता रात्री टीव्ही असतो. सबनिसांनी सगळ्यांना अनामत परत केली आणि हसून निरोप दिला. माणूस फुकटाकडे जाणारच, त्यात रागवायचं काय, असं ते म्हणत. श्रावणापर्यंत त्यांनी हा मोठेपणा टिकवला.

श्रावणात समोरच्या जिन्याच्या तोंडाशी सभासदांची यादी लागली. नियमाप्रमाणे ती लावावी लागे. सबनीस दुधीभोपळा घेऊन येता येता सहज थांबले आणि त्रेचाळिसाव्या क्रमांकावर त्यांना नाव दिसलं, ‘कु. वसुधा टिपणीस’. भोपळा त्यांनी तिथेच जिन्यावर ठेवला आणि विसरले. घरी न जाता ते रंगवाल्याकडे गेले.

आता इथं वाचनालयांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं बिनबुडाचं वाटेल. जो वर्षानुवर्षं पुस्तकं बदलून नेतो त्याला, हे आपण वाचलंय की नाही, हे आठवत नाही. मग प्रत्येक जण एक खूण ठरवतो. आठल्ये मास्तर अकराव्या पानावर कोपऱ्यात ‘आ’ लिहीत. कोणी मुखपृष्ठाच्या आत फुली मारी, कोणी शेवटच्या पानावर तारीख टाकी. पोस्टातले एक गृहस्थ रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर ‘वाचले. खून डॉक्टर करतो’ असं लिहून इतरांचाही वेळ वाचवत. सबनीस बाइंडिंग करताना या सगळ्या खुणा बघत आणि एकही खोडत नसत. माणसांचे चेहरे विसरतील, पण खुणा त्यांच्या पक्क्या लक्षात होत्या.

जशी वाचकांची खूण, तशी वाचनालयाचीही एक असते. पुस्तक चोरणारा पहिलं पान फाडतो, म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर शिक्का मारून ठेवतात आणि ते पान कोणाला सांगत नाहीत. सबनिसांचं गुपित पान होतं तेहतिसावं. एकवीस वर्षांत ते एकाच माणसानं ओळखलं. वसुधा टिपणीस ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, म्हाताऱ्या आईबरोबर गव्हाणपाड्यात राहायची, आणि आठ वर्षांपूर्वी सभासद झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिची खूण सबनिसांना सापडली. तेहतिसाव्या पानावर, ‘सबनीस वाचनालय, मुलुंड’ या गोल शिक्क्याला जवळजवळ टेकून, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका.

सबनिसांचं वय तेव्हा एकेचाळीस होतं. धाकट्या तीन बहिणींची लग्नं लावता लावता त्यांचं स्वतःचं राहून गेलं होतं, आणि ते आता राहिलेलंच बरं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तो ठिपका बघून त्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, आणि त्या दिवशी बाइंडिंगचं काम केलं नाही.

आठ वर्षांत दोघांचं बोलणं असं होतं:

“काही नवीन?”

“आहे.”

ती दर बुधवारी आणि शनिवारी येई. काळी छत्री, डब्याची पिशवी, चष्म्याचं घर. नवीन पुस्तक आलं की सबनीस ते आधी स्वतः वाचत, मग खाकी कागदाचं कव्हर घालून गल्ल्याखाली ठेवत, आणि कोणी कितीही मागितलं तरी “बाहेर गेलंय” म्हणून सांगत. गेली दोन वर्षं नवीन पुस्तकं घेणं झेपत नव्हतं. तेव्हा ती “काही नवीन?” म्हणे, सबनीस खाली मान घालून “नाही” म्हणत, आणि ती “चालेल” म्हणून मागच्या फडताळातून आपणच काहीतरी उचलून नेई. सबनिसांना त्या “चालेल”ची इतकी लाज वाटे की ते तिच्याकडे बघतही नसत. नुसता पुस्तकाचा नंबर वहीत टिपत.

पाटी लागली त्यानंतरच्या बुधवारी ती आली नाही. शनिवारीही आली नाही. तिच्याकडे सबनिसांचं एक पुस्तक होतं, तेही परत आलं नाही.

“गेली तीही,” सबनीस म्हणाले.

“गेली म्हणजे काय? तुमीच तर येव नको म्हणून लिवल्यात,” गवाणकर म्हणाले.

“मी सर्वसाधारण लिहिलंय.”

“सर्वसाधारण माणसां तर आधीच गेली होती.”

तीन आठवडे सबनिसांनी काढले. चौथ्या आठवड्यात त्यांना एक विचार सुचला आणि तो डोक्यातून जाईना. समोर तिला पुस्तकं कशी मिळत असतील? कोणी राखून ठेवत असेल का? काय वाचत असेल ती? हे समजायला तिला विचारायची गरज नव्हती. तिनं वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात तेहतिसाव्या पानावर ठिपका असणारच होता. तो नुसता एकदा दिसला असता तरी त्यांना पुरे होतं. माणूस खुशाल आहे एवढं तरी कळलं असतं.

दुपारी अडीचला, रस्त्यावर वर्दळ नाही असं बघून, सबनीस मंडईचा जिना चढले.

तिथली रीत निराळी होती. पुस्तकं कुलूपबंद कपाटांत. वाचकानं मागणीपत्र भरायचं, ग्रंथपालानं त्यावर सही करायची, मग शिपाई धाकू कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत कपाटाकडे जाणार. तिथेच बसून वाचायला सभासद असण्याची अट नव्हती. सबनिसांनी पहिलं मागणीपत्र भरलं. पुस्तक आलं. त्यांनी तेहतिसावं पान उघडलं. कोरं. पुस्तक परत केलं आणि दुसरं मागणीपत्र भरलं.

साडेचारपर्यंत नऊ झाली. धाकूनं दहावं पुस्तक टेबलावर जरा आपटूनच ठेवलं.

“काका, आवडत नाय काय एक पण?”

“चाळतोय.”

“एकच पान चाळता तुम्ही. मी बघतोय कधीपासून. काय नोटबीट ठेवलेली कोणी पुस्तकात?”

“छे छे.”

“मग चिठ्ठी?”

सबनीस लाल झाले. “तसलं काही नाही हो,” म्हणाले आणि अकरावं मागणीपत्र भरायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आपलं दुकान दुपारी बंद ठेवून ते रोज समोरच्याचं दुकान चालवायला जाऊ लागले, असंच म्हणायला हवं. कारण तिथल्या ग्रंथपालाची अडचण वेगळीच होती. चंद्रप्रकाश लोटलीकर हा अठ्ठावीस वर्षांचा, पदविका घेतलेला, मनापासून काम करणारा मुलगा होता. वरच्या कार्यालयाला दर महिन्याला आकडा हवा असे: किती पुस्तकं दिली? आणि लोक पहिल्या उत्साहानंतर पंख्याखाली बसून पेपर वाचण्यापुरतेच येत होते. आकडा खाली गेला तर पुढच्या वर्षीचं अनुदान कापलं जाणार होतं. अशा वेळी एक पांढरपेशा गृहस्थ रोज दहा-दहा मागणीपत्रं भरतो, हे बघून चंद्रप्रकाशच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यानं सबनिसांची खुर्ची पंख्याखाली सरकवली. आठवडाभरानं चहा सुरू झाला.

“धाकू, सबनीससाहेबांना हिरवं कपाट पूर्ण झालं का?”

“झालं सर. आता निळं चालू आहे.”

गणपती गेले, दसरा गेला. निळं कपाट संपलं. ठिपका नव्हता. कादंबऱ्यांत नव्हता, प्रवासवर्णनांत नव्हता. शेवटी सबनिसांनी ‘कुक्कुटपालन’ आणि ‘घरगुती विमा’ही उघडून बघितलं, कारण मन मानत नव्हतं. एके दिवशी वाट बघून बघून ते इतके कासावीस झाले की कानावरची पेन्सिल काढून, ठिपका असता तर कसा दिसला असता हे बघावं म्हणून, एका तेहतिसाव्या पानावर टोक टेकवणार होते.

“ओ काका!” धाकू ओरडला. “खुणा करायला मनाई आहे! वाचता येतं ना? भिंतीवर लिवलंय. सरकारी मालमत्ता आहे ती.”

चाळीस खुर्च्यांवरचे आठ वाचक वळून बघू लागले. त्यांत आठल्ये मास्तर होते. त्यांनी आधी सबनिसांना ओळखलं आणि मग, आपल्याला डोळ्यांनी त्रास आहे हे आठवून, ओळखलं नाही.

सबनीस घरी आले आणि त्यांना जेवण गेलं नाही. ठिपका नाही, म्हणजे ती तिथून पुस्तकं नेत नाही. इथून तर नेतच नाही. मग वाचतच नाही की काय? आजारी असेल? की आता तिला खूण करावीशीच वाटत नसेल? गव्हाणपाडा इथून दहा मिनिटांवर. पण वाचनालयाचा मालक वाचकाच्या दारात जातो तो थकलेल्या पुस्तकासाठी, आणि तेवढ्यासाठी तिच्या दारात उभं राहणं सबनिसांना मेल्यापेक्षा वाईट वाटत होतं. त्यांना ती हवी होती. एवढी साधी गोष्ट कबूल करायला त्यांना आठ वर्षं आणि चारशे बारा पुस्तकं लागली.

चारशे बारा हा आकडा चंद्रप्रकाशनं काढला. नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह होता.

“साहेब, अभिनंदन. आदर्श वाचक म्हणून तुमची निवड झालीय. रविवारी सकाळी दहाला सत्कार.”

सबनिसांनी कप बशीत ठेवून दिला. “नको, नको. अहो, मी कोण ते ठाऊक आहे का तुम्हाला? समोरचं वाचनालय माझं आहे.”

“ठाऊक आहे ना! म्हणूनच तर. स्पर्धक असून एवढा मोठेपणा!”

“पण मी सभासदसुद्धा नाही तुमचा.”

“तेवढीच एक अडचण आहे,” चंद्रप्रकाश म्हणाला, “ती माझ्यावर सोडा. फॉर्म मी भरतो. एक सरकारी नोकर जामीन लागतो, त्याचीही सोय आहे.”

रविवारी दहाचा सत्कार पावणेबाराला सुरू झाला. पाहुण्यांनी सबनिसांना शाल पांघरली, नारळ दिला आणि अशा वाचकांवरच समाज उभा आहे असं सांगितलं. मग विचारलं, “अडीच महिन्यांत चारशे बारा पुस्तकं! एवढं भराभर वाचता तरी कसं? तरुणांना काही गुपित सांगा.”

सबनिसांनी शाल सावरली. “मी... मला तेहतिसाव्या पानावरून अंदाज येतो.”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या दोन मुलींनी ते वहीत लिहून घेतलं.

गर्दी पांगल्यावर चंद्रप्रकाशनं त्यांच्या हातात सभासद कार्ड ठेवलं आणि फाइलला लावायचा फॉर्म सहीसाठी पुढे केला. “इथं सही करा. जामीनदाराची झालीय.”

जामीनदाराची सही होती, ‘व. टिपणीस’.

सबनिसांनी ती पुन्हा वाचली.

“ह्या... ह्या तुमच्याकडे...?”

“टिपणीसबाई? अहो, त्या नसत्या तर वाचनालय बंदच पडलं असतं. इथल्या लोकांना सरकारी नोकर कुठून मिळणार? शंभराच्या वर फॉर्मवर सही आहे त्यांची. नियम असा की जामीनदार स्वतः सभासद पाहिजे, म्हणून सुरुवातीलाच मी त्यांचं नाव घालून घेतलं. पण त्यांनी स्वतः आजवर एक पुस्तक नेलं नाही. मी म्हटलं बाई, एक तरी न्या, आकड्यासाठी न्या. तर म्हणाल्या, मला माझं वाचनालय आहे.”

सबनीस फॉर्मकडे बघत होते. छापील ओळ होती, ‘अर्जदारास मी व्यक्तिशः ....... वर्षे ओळखतो/ओळखते.’ रिकाम्या जागी टेलिफोन खात्याच्या निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘आठ वर्षे चार महिने’.

“ते बघितलं का?” चंद्रप्रकाश हसला. “बाकी सगळ्यांना त्या नुसतं ‘बरीच’ लिहितात. तुमच्याच फॉर्मवर महिनेसुद्धा घातलेत. आदर्श वाचक म्हणून असेल.”

सबनीस जिना उतरले तेव्हा शाल एका खांद्यावर होती आणि नारळ काखेत होता. गवाणकर बाकड्यावर बसून वाटच बघत होते.

“झालात मेंबर? कार्ड बघू.” त्यांनी कार्ड उलटसुलट केलं, मग डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “म्हणजे आता तुमका हय पुस्तक गावाचा नाय. तुमच्याच पाटीत लिवलेला आसा.”

सबनिसांनी नारळ त्यांच्या मांडीत ठेवला आणि आत गेले. त्यांना एक खरा ठिपका बघायचा होता. चारशे बारा परक्या पुस्तकांत शोधून थकलेल्या डोळ्यांना एक आपला, ओळखीचा ठिपका. मागच्या फडताळातून त्यांनी हाताला आलं ते पुस्तक काढलं आणि तेहतिसावं पान उघडलं.

शिक्क्याला टेकून दोन ठिपके होते.

सबनिसांना वाटलं, चष्म्याची काच फुटली. त्यांनी चष्मा पुसला. दोनच होते. त्यांनी शेजारचं पुस्तक काढलं. दोन. त्याच्या खालचं, कोकणातल्या एका शिक्षिकेची गोष्ट असलेलं, ज्याचं बाइंडिंग त्यांनी स्वतः केलं होतं, ते काढलं. त्यात तीन होते.

ठिपका म्हणजे वाचून झालं, पुन्हा नेऊ नये, एवढ्यासाठी तर ती खूण! आणि ही बाई खूण बघून, ओळखून, तेच पुस्तक पुन्हा घेऊन गेली होती, आणि परत आणताना त्याची प्रामाणिकपणे नोंदही ठेवून गेली होती. दोन वर्षं. दर बुधवारी आणि शनिवारी. सबनीस खाली मान घालून नंबर टिपत होते आणि ती “चालेल” म्हणत होती. सबनिसांनी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. ती गवाणकरांना बाहेर ऐकू गेली आणि त्यांनी खुशीनं मान डोलावली.

मग सबनिसांनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्या तीन ठिपक्यांशेजारी अगदी हळू, श्वास रोखून, चौथा काढला.

पाटी काढायला ते स्टुलावर चढले. श्रावणापासून पावसात भिजून स्क्रू गंजले होते. एक निघाला, दुसरा हलेना. स्टूल डुगडुगू लागलं. गवाणकर नारळ सांभाळत असल्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता.

“धरा की जरा!” सबनीस खाली न बघता ओरडले.

स्टूल एकदम स्थिर झालं.

“धरलंय,” खालून आवाज आला. तो गवाणकरांचा नव्हता.

सबनिसांनी खाली बघितलं नाही. स्क्रूकडेच बघत राहिले. काळ्या छत्रीचं टोक मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

“तुमचं पुस्तक राहिलंय माझ्याकडे,” वसुधा टिपणीस म्हणाली. “परत करायला त्याच बुधवारी आले होते. पाटी वाचली आणि गेले.”

“पण तुम्ही तिथून एकही पुस्तक नेलं नाहीत!”

“पाटीवर तसं नव्हतं लिहिलं. सभासदांना मिळणार नाही, असं होतं. सभासद तर होतेच मी. आत येऊन विचारणार होते. पण म्हटलं, बंदी घालणाऱ्यानं विचार करूनच घातली असेल.”

“विचार नव्हता केला,” सबनीस स्क्रूला म्हणाले. “राग आला होता. यादीत तुमचं नाव बघितलं म्हणून.”

“मग काल तुमचा फॉर्म आला सहीला. आता तुम्हीही सभासद झालात. म्हटलं, दोघांनाही बंदी झाली, तर काय करायचं ते विचारून यावं.”

स्क्रू निघाला. पाटी सुटून गवाणकरांच्या पायाशी आदळली. ते शांतपणे उठले, पाटी उलटी करून बाकड्यावर अंथरली आणि तिच्यावर बसले.

सबनीस खाली उतरले. दोघं आत गेली. तिनं पुस्तक गल्ल्यावर ठेवलं. त्यांनी दंडाचं नाव काढलं नाही, तिनंही काढलं नाही.

“काही नवीन?” तिनं विचारलं.

“नाही,” सबनीस म्हणाले, आणि या वेळी तिच्याकडे बघत म्हणाले.

“चालेल.”

त्यांनी कोकणातल्या शिक्षिकेचं पुस्तक पुढे केलं. तिनं सवयीनं तेहतिसावं पान उघडलं आणि ती तिथेच थबकली. चष्मा वर करून तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. ठिपके मोजले. पुन्हा मोजले. सबनीस पंख्याकडे बघू लागले.

“पुस्तकात खुणा करायला मनाई असते, सबनीस.”

“ती समोर,” सबनीस म्हणाले. “हे खासगी वाचनालय आहे.”

तिनं त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. खाली वाकून चौथ्या ठिपक्याला टेकून पाचवा काढला आणि पेन्सिल गल्ल्यावर ठेवली.

“वाचायच्या आधीच?”

“पाठ आहे मला,” ती म्हणाली. पुस्तक पिशवीत घातलं, छत्री उचलली. “बुधवारी येते.”

आणि सोमवारीच आली.